आगेकूच युवक मंडळाचा इतिहास आणि एक सफारी

चंपतराव उमाट्यांकडे इतिहास लिहायचं काम आलं ते निव्वळ अक्षरामुळे. एरवी इतिहासाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. नागपूरजवळच्या वाडीच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात त्यांनी चौतीस वर्षं बिल्ट्या लिहिल्या. माल कोणता, नग किती, पाठवणारा कोण, घेणारा कोण, हे ते असं टपोरं लिहीत की तिकडे गुवाहाटीचा हमाल, ज्याला मराठीचा म येत नव्हता, तोसुद्धा बिल्टी पाहून 'वा' म्हणायचा. निदान चंपतराव तसं सांगत. आता गुवाहाटीला जाऊन कोण विचारून येणार!

तर झालं असं, की मनीषनगरातल्या डहाके लेआउटच्या आगेकूच युवक मंडळाला येत्या सव्वीस जानेवारीला चाळीस वर्षं पूर्ण होत होती. मंडळाचा चिटणीस अश्विन हा बत्तीस वर्षांचा, घरी बसून लॅपटॉपवर नोकरी करणारा गडी. त्याच्या डोक्यात आलं की एक छोटं पुस्तक काढू. अध्यक्ष भैय्याजी काळबांड्यांनी ताबडतोब हो म्हटलं, कारण पुस्तक म्हटलं की मुखपृष्ठ आलं आणि मुखपृष्ठ म्हटलं की अध्यक्षांचा फोटो आला. भैय्याजींचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि गेली एकोणतीस वर्षं लेआउटच्या प्रत्येक बॅनरवर ते हात जोडून उभे होते. बॅनरवरचे केस काळे होते एवढाच काय तो फरक.

"काका, तुम्हीच लिहा," अश्विन म्हणाला. "तुमचं अक्षर चांगलं हाये."

"अबे, छापणार ना तू ते? मंग अक्षराचं काय काम?"

"असू द्या ना. सुरुवात तं चांगली होईल."

चंपतरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी दोनशे पानी वही आणली, चष्मा पुसला आणि पहिलं वाक्य लिहिलं: 'दि. २६-१-८६ रोजी डहाके लेआउट येथे मंडळ, नग एक, स्थापन झाले.' त्यांची बायको प्रेमिला भाजी निवडता निवडता वाकून वाचत होती. ती म्हणाली, "पुढं लिहा ना, हालत चांगली, फूटतूट नाही." चंपतरावांनी वही मिटली. घरच्यांना कदर नसते हे थोर लोकांच्या बाबतीत नेहमीच होत आलेलं आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

मग सल्ले सुरू झाले. शेजारचे शालिकराम गुरुजी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं पडलं, सुरुवात गोंड राजापासून करा. "पण गुरुजी, तवा मनीषनगर कुठं होतं?" "तेच लिहा. तवा मनीषनगर नव्हतं, असं लिहा. तेथून भोसल्यांवर या. तवाही नव्हतं." या हिशेबाने मंडळ स्थापन व्हायलाच दोन वह्या लागल्या असत्या. दुसरीकडे संस्थापकांची गर्दी उसळली. शहाऐंशी साली लेआउटमध्ये घरं होती सात, बाकी सगळी काळी माती, बाभळी आणि साप. पण चंपतराव वही घेऊन फिरले तेव्हा सात घरांतून सोळा संस्थापक निघाले. त्यातल्या एकाचा तर जन्मच अठ्ठ्याऐंशीचा होता. 'आगेकूच' हे नाव मीच सुचवलं असं पाच जणांनी शपथेवर सांगितलं. सगळ्यांनाच चहा झाला की बोलायचं असे, त्यामुळे चंपतरावांना त्या आठवड्यात पित्त झालं ते वेगळंच.

तरी गाडी चालली. आट्यापाट्यांचे सामने झाले, वाचनालय झालं, पहिला नळ आला त्या दिवशी मंडळाने नळाला हार घातला होता तेही लिहून झालं. आणि मग वहीत 'सन १९९६' असा मथळा पडला आणि पेन थांबलं ते चार दिवस हललंच नाही.

कारण शहाण्णव साली मंडळाचे पहिले अध्यक्ष धोंडबा गभणे मंडळ सोडून गेले होते. का गेले ते अख्ख्या लेआउटला ठाऊक होतं. आणि त्यामागचं खरं काय ते, चंपतरावांच्या हिशेबाने, फक्त त्यांना आणि आणखी एका माणसाला ठाऊक होतं.

आता हे जरा बैजवार सांगायला पाहिजे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते आणि तिच्यासोबत बडगे निघतात. वर्षभर ज्याचा वैताग आला त्याचा पुतळा करायचा, गळ्यात पाटी अडकवायची, 'घेऊन जा गे मारबत' असं ओरडत मिरवायचा आणि शेवटी जाळून टाकायचा, म्हणजे पीडा गेली. मोठी मारबत जुन्या नागपुरात निघते, पण आगेकूच मंडळाचा स्वतःचा एक छोटा बडगा दरवर्षी असे. त्या साली वैताग होता रस्त्याचा. रस्ता मंजूर होऊन तीन वर्षं झालेली आणि अजून घोट्याएवढा चिखल. म्हणून 'न झालेल्या रस्त्याचा बडगा' करायचं ठरलं. पुतळ्याला कपडे पाहिजेत म्हणून चंपतराव घरोघर जाऊन जुनेर गोळा करत फिरले. आणि प्रत्येक घरी मिळालं ते गठुडं न सोडता, जसंच्या तसं, भैय्याजींच्या दुकानामागे नेऊन टाकलं. गोदामात रोज हेच केलेलं: माल उचलायचा, पोचवायचा, आत काय आहे ते पाहायचं नाही. भैय्याजींनी पोरांना घेऊन पुतळ्यात तणस भरलं आणि वर सापडतील ते कपडे चढवले.

सकाळी बडगा निघाला आणि चंपतरावांच्या पायाखालची जमीन सरकली. बडग्याच्या अंगात धोंडबाची सफारी होती!

ती सफारी साधीसुधी नव्हती. शेवाळी रंग, त्यावर विटकरी चौकडा, चार खिसे. धोंडबाने ती मेहुण्याच्या लग्नात शिवली आणि त्यानंतर प्रत्येक लग्नात, बारशात, सत्यनारायणात आणि झेंडावंदनात तीच घातली. दुरून सफारी दिसली की लोक धोंडबाला रामराम करत, चेहरा नंतर पाहत. त्यात धोंडबा नोकरीला होते कुठे, तर रस्त्याच्याच कामावर सुपरवायझर. झालं! पोरं हसून हसून लोळली. 'रस्ता खाणाऱ्याले घेऊन जा गे मारबत' असं कोणीतरी ओरडलं. धोंडबा स्वतःच्या फाटकात उभे राहून स्वतःची मिरवणूक पाहत होते. बडगा पुढे गेला, जळाला, आणि संध्याकाळी मंडळाच्या खोलीची किल्ली एका पाकिटात घालून कोणाच्या तरी हाती परत आली. चिठ्ठीसुद्धा नव्हती.

चंपतराव आणि धोंडबा म्हणजे एका ताटात जेवणारे दोस्त. एकाच सोसायटीत प्लॉट घेतले, एकाच मिस्त्रीकडून घरं बांधली, एकाच दिवशी फसले. लोक म्हणू लागले, हे भैय्याजींनी मुद्दाम केलं, त्यांना अध्यक्ष व्हायचं होतं. भैय्याजी म्हणाले, मला काय माहीत कोणाचे कपडे होते, गठुडं तर चंपतने आणलं. आणि चंपतरावांना दुसऱ्या दिवशी धोंडबाच्या बायकोने, यमुताईंनी, चक्कीवर गाठलं.

"चंपतभाऊ, सफारी मी देली," त्या रडायच्याच बेतात होत्या. "मले पाहवत नव्हती हो ती. भाचीचं लग्न तोंडावर, हे पुन्हा तेच घालतील. मले वाटलं पुतळ्यात आतमंदी भरसान, दिसणार नाही कोणाले. आता हे म्हणून राहिले, ज्यानं केलं त्याचं तोंड पाहणार नाही. तुम्हाले माही शपथ, सांगू नका."

चंपतरावांनी शपथ पाळली. त्या दिवसापासून धोंडबाने मंडळाचंही नाव टाकलं आणि चंपतरावांचंही. दहा घरांचं अंतर. बायकांचं येणं-जाणं, वाटी-डबा सगळं चालू होतं. पण लग्नाकार्यात समोरासमोर आले की धोंडबा आभाळाकडे पाहत. चंपतरावांना वाटे, एकदा खरं सांगून मोकळं व्हावं. पण यमुताई दिसल्या की धीर होत नसे. एकोणतीस वर्षं! मुलांची लग्नं झाली, नातवंडं झाली, रस्तासुद्धा झाला.

म्हणून सन १९९६ चं पान कोरं होतं. चंपतरावांनी विचार केला, ते नंतर पाहू, आधी स्थापनेचा नोंदणी क्रमांक तरी आणू. पुस्तकात आकडा असला की वजन येतं. इथे त्यांनी आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

संस्था नोंदवतात त्या कार्यालयात पहिल्या दिवशी कळलं की जुने कागद ज्या कपाटात असतात त्याची किल्ली ज्यांच्याकडे असते त्या बाई रजेवर आहेत. दुसऱ्या दिवशी बाई आल्या, पण अर्ज पाहिजे होता. तिसऱ्या दिवशी अर्ज दिला, तर त्यात एक रकाना होता: 'अर्जदाराचा संस्थेशी संबंध'. चंपतरावांनी लिहिलं, 'जिव्हाळ्याचा'. तो अर्ज परत आला. चौथ्या दिवशी नंदिनी मॅडम नावाच्या त्या बाईंनी एक पिवळी पडलेली फाइल पुढ्यात ठेवली. मॅडम मायाळू होत्या. त्यांनी आधी चंपतरावांना बसायला खुर्ची दिली आणि मगच सांगितलं.

"काका, रेकॉर्डला तुमच्या मंडळाचे अध्यक्ष धोंडबा गभणे हायेत."

"होते."

"हायेत. कार्यकारिणी बदलली का त्याचा कागद इथं द्याव लागते. तुम्ही एकही देला नाही. आमच्याकडं शहाऐंशीनंतर काहीच झालं नाही."

"अवो मॅडम, बम काही झालं! तुम्ही वही वाचा माही."

"अन् हे पाहा, नियम क्रमांक सात," मॅडम म्हणाल्या. "सभासदाचं वय पंधरा ते पस्तीस. पस्तीस पूर्ण झालं का सभासदत्व आपोआप रद्द. खाली तुमचीच सही हाये."

होती. टपोरी, सुवाच्य. सत्ताविसाव्या वर्षी पस्तीस म्हणजे पार थकलेला माणूस, असं त्या वेळी सगळ्यांनाच वाटलं होतं. 'म्हाताऱ्यांचं मंडळात काम नाही' हे वाक्य तर भैय्याजींचंच, ते तेव्हा चोवीसचे होते. आता भैय्याजी चौसष्टचे. म्हणजे गेली एकोणतीस वर्षं जो मनुष्य अध्यक्ष म्हणून बॅनरवर हात जोडून होता तो, पहिलं वर्ष सोडलं तर, सभासदच नव्हता. बॅनर काळाच्या ओघात फाटले, पण हा सगळा कारभार मुळातूनच फाटलेला होता.

"आता काय कराचं?"

"सभा घ्या, नियम बदला, नवीन कार्यकारिणी निवडा, कागद आणा. पण सभेच्या नोटीसवर अध्यक्षाची सही लागन. म्हणजे गभण्यांची. त्याईचंही वय गेलं, पण रेकॉर्डले दुसरं नाव नाही. आणि सव्वीस जानेवारीच्या मैदानाच्या परवानगीले हे कागद मागतीनच, ते सांगून ठेवते."

भैय्याजींना ही बातमी दुकानात, खिळे मोजून देत असताना समजली. ते खिळे तसेच ठेवून स्टुलावर बसले. "म्हणजे मी कोण?" हा प्रश्न त्यांनी आधी चंपतरावांना विचारला, मग अश्विनला, मग खिळे घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला. "एकोणतीस वर्षं झेंडा मी लावला. गणपतीत पाणी भरलं तं मांडव मी खांद्यावर धरला. अन् आता मी सभासद नाही? काहून?" अश्विन म्हणाला, "भैय्याजी, फक्त एक सही आणाची हाये." त्यावर भैय्याजी उसळले, "तो धोंडबा देणार हाये सही? त्याले वाटते त्याले मी जाळलं! मले गठुडं चंपतनं देलं. इचार त्याले, त्याले कोणं देलं ते!"

चंपतराव खिळ्यांकडे पाहत राहिले. एकोणतीस वर्षांत भैय्याजींनी हे तोंडावर पहिल्यांदाच विचारलं होतं.

शेवटी इतिहासकारालाच जावं लागलं. प्रेमिलाने इस्त्रीचा शर्ट काढून दिला आणि सांगितलं, "जास्त बोलू नका, तुम्ही बोलले का बिघडते." धोंडबाच्या फाटकाची कडी कशी उघडते हे चंपतरावांच्या हाताला अजून आठवत होतं. जरा वर उचलून डावीकडे. फाटक उघडलं.

धोंडबा ओसरीत पेपर वाचत होते. ते सत्तरीचे झाले होते, केस गेले होते, पण आभाळाकडे बघायची सवय गेली नव्हती. चंपतरावांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: पुस्तक, फाइल, नियम सात, सही. धोंडबाने आभाळातून नजर खाली आणली.

"म्हणजे मीच अध्यक्ष हाव?"

"आं."

"अजूनही?"

"रेकॉर्डले."

धोंडबाने पेपरची घडी केली. त्यांच्या चेहऱ्यावर जे काही झालं ते त्यांनी मोठ्या मुश्किलीने आवरलं. "सही देतो," ते म्हणाले. "पण तू इतिहास लिहून राहिला ना? मंग त्यात छाप. माह्या सफारीचा बडगा कोणं केला. नाव, आडनावासकट. ते पान मले दाखव अन् सही घेऊन जाय."

चंपतराव परत आले ते थेट पलंगावर आडवे झाले. यमुताई तेव्हा देवळात गेल्या होत्या हे एक बरं होतं. पण दुसऱ्या दिवशी भाजीच्या ठेल्यावर त्या दिसल्याच. त्यांना सगळं कळलेलं होतं. हातातली वांगी तशीच धरून त्या हळूच म्हणाल्या, "चंपतभाऊ, मी सांगू का आता त्याईले?" आणि त्यांचा चेहरा असा झाला की चंपतरावांना चक्कीवरची ती बाई पुन्हा दिसली. सदुसष्ट वर्षांच्या बाईने नवऱ्यासमोर सफारीसाठी मान खाली घालायची? त्यांना ते बघवेना.

"राहू द्या वहिनी," ते म्हणाले. "मी पाहतो."

त्या दुपारी त्यांनी वही उघडली आणि सन १९९६ खाली एका दमात लिहून काढलं: 'या वर्षी मंडळाच्या बडग्यास अध्यक्ष श्री. धोंडबा गभणे यांची सफारी चढवण्यात आली. सदर सफारी श्री. चंपतराव उमाटे यांनी जाणूनबुजून पुरवली. भैय्याजी काळबांडे किंवा अन्य कोणाचाही यात दोष नाही. सर्व जबाबदारी माल उचलणाऱ्याची.' प्रेमिलाने ते वाचलं आणि या वेळी ती हसली नाही. "तुम्ही असं केलं नाही, मले माहीत हाये," एवढंच म्हणाली. चंपतराव म्हणाले, "इतिहासात सगळंच खरं असते का वं?" आणि चपला घातल्या.

धोंडबाने पान दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांनी बोट ठेवून वाचलं. यमुताई चहा घेऊन दारात आल्या आणि तिथेच थांबल्या.

"खोटं हाये हे," धोंडबा म्हणाले.

"खरं हाये. मीच—"

"अबे, ती सफारी गोदरेजच्या कपाटात राहे, कुलपात. अन् चाबी राहे यमुच्या कमरेले. तू काय कपाट फोडलं होतं?" त्यांनी वही मिटली. "त्याच दिवशी सांजेले मी कपाट उघडून पाह्यलं. कुलूप शाबूत, सफारी गायब. मले त्याच दिवशी समजलं."

यमुताईंच्या हातातला ट्रे कलला. चंपतरावांनी उठून तो घेतला, नाहीतर तीन कप गेलेच होते.

"तुम्हाले माहीत होतं?" यमुताई म्हणाल्या. "मंग बोलले काहून नाही?"

"काय बोलू? तू तोंड पाडून फिरून राहिली होती. आणखी काय लाजवू तुले? अन् चांगली नव्हतीच ती सफारी, मलेही माहीत हाये. शिंप्यानं कापड उलटं लावलं होतं."

"मंग एवढा राग कोणाचा धरला गा तू?" चंपतरावांचा आवाज चढला. एकोणतीस वर्षं त्यांनी ज्या शपथेचं ओझं वाहिलं, तो माल मुळात पोचलेलाच होता! "माह्याशी बोलला नाही, पोराच्या लग्नाले आला नाही, भैय्याजीले शिव्या घातल्या... काहून?"

धोंडबाने वही बाजूला ठेवली.

"बडग्याचं काही नाही," ते म्हणाले. "पोरं हसले, हसू दे. मी किल्ली पाठवली ती रागात पाठवली. वाटलं, आता येतीन सगळे. म्हणतीन, चाल बे धोंडबा, नाटकं नको करू. दोन दिवस मी ओसरीतून हाललो नाही. फाटकाची कडी काढून ठेवली होती. मंग गणपती आले. वाटलं, आरतीले तरी बोलावतीन. मंग दसरा." त्यांनी चष्मा काढला. "कोणी आलंच नाही गा. राग काय आपोआप जाते का? कोणी घ्याले याव लागते."

चंपतराव म्हणाले, "आम्हाले वाटलं, तू रागात हाये."

"रागातच होतो ना बे, म्हणून तं तुम्ही याचं होतं!"

आणि मग दोघंही म्हातारे एकमेकांकडे पाहून असे हसले की यमुताईंनी आधी पदर डोळ्यांना लावला आणि मग दोघांनाही चहा गार झाला म्हणून दटावलं.

नोटीसवर सही झाली. रविवारी सकाळी दहाला मंडळाच्या खोलीत सभा भरली. चाळीस माणसं आली, त्यात नियमाप्रमाणे खरे सभासद सहा. त्या सहांना पुढे खुर्च्यांवर बसवलं आणि उरलेले चौतीस बेकायदेशीर लोक सतरंजीवर बसले. धोंडबा अध्यक्षांच्या खुर्चीत बसले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शालिकराम गुरुजींनी दोन शब्द बोलायची तयारी म्हणून घसा साफ केला. धोंडबा इकडेतिकडे पाहत होते.

"भैय्या कुठं हाये?"

अश्विन चुळबुळत म्हणाला, "नाही म्हणाले. म्हणे, मी सभासदच नाही तं येऊ कशाले. दुकान बंद करून घरी बसले हायेत."

"तुम्ही काय केलं मंग?"

"मेसेज टाकला ना काका. ग्रुपवर."

धोंडबा उठले. चाळीस वर्षांत अध्यक्ष म्हणून त्यांनी पहिल्यांदाच टेबलावर हात आपटला. "सभा तहकूब. उठा सगळे."

"काका, अजून सुरू तं झाली नाही," अश्विन म्हणाला.

"म्हणून तं तहकूब. चाला."

आणि आगेकूच युवक मंडळाची सर्वसाधारण सभा, सतरंजी सोडून, चपला शोधत, रस्त्यावर आली. पुढे धोंडबा, शेजारी चंपतराव, मागे सहा कायदेशीर आणि बाकी बेकायदेशीर. वाटेत बायका फाटकाशी आल्या, आज काय आहे म्हणून विचारू लागल्या. यमुताई आणि प्रेमिला तर सरळ येऊन मिळाल्या. भैय्याजी बनियनवर अंगणात झाडांना पाणी घालत होते. चाळीस-पन्नास माणसं फाटकाशी आणि सगळ्यांच्या पुढे धोंडबा गभणे, हे पाहून त्यांच्या हातातली नळी खाली पडली आणि पाणी त्यांच्याच पायावर वाहू लागलं.

"चाल बे भैय्या," धोंडबा म्हणाले. "नाटकं नको करू."

भैय्याजींनी एकदा धोंडबाकडे पाहिलं, एकदा चंपतरावांकडे. "शर्ट तं घालू द्या," ते म्हणाले, आणि आत जाता जाता त्यांनी बनियनलाच डोळे पुसले ते सगळ्यांनी पाहिलं.

सभा झाली. भांडणंही झाली, कारण ती झाल्याशिवाय डहाके लेआउटला सभा झाल्यासारखी वाटत नाही. भैय्याजींना अध्यक्ष आणि धोंडबांना सल्लागार निवडलं. वयाची अट काढून टाकली. चंपतरावांच्या वहीतलं सन १९९६ चं पान धोंडबाने स्वतः फाडून घडी करून खिशात घातलं आणि सांगितलं, तिथे लिही की त्या साली रस्त्याचा बडगा चांगला झाला होता.

सोमवारी चंपतराव कागद घेऊन कार्यालयात गेले. नंदिनी मॅडमनी नोटीस पाहिली, ठराव पाहिले, सह्या पाहिल्या. नवीन नियम क्रमांक सात त्यांनी एकदा मनात वाचला आणि एकदा मोठ्याने: "सभासदासाठी वयाची अट राहणार नाही. मात्र कोणताही सभासद रागावून मंडळात येणे बंद झाल्यास, तीन दिवसांच्या आत उर्वरित सभासदांनी समक्ष त्याच्या घरी जाऊन त्यास बोलावून आणणे बंधनकारक राहील. मेसेज चालणार नाही."

"काका," मॅडम म्हणाल्या, "बावीस वर्षांपासून इथं बसून राहिली मी. असा नियम कोणत्याच संस्थेचा नाही पाह्यला."

"आम्हालेही लवकर नाही सुचला मॅडम," चंपतराव म्हणाले. "एकोणतीस वर्षं लागली."

मॅडमनी पुन्हा एकदा ती ओळ वाचली. मग शिक्का उचलला आणि मारला.